एकशे एक बेडकांची गोष्ट

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दुपारचा चहा नुकता गाळला होता, एवढ्यात शेजारच्या वहिनी हातात फोन घेऊन लगबगीनं आत आल्या. "अहो, जरा बघा तरी, आमचे जावईबापू काय करताहेत!" वहिनींची लेक लग्न झाल्यापासून ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला असते. तिनंच पाठवलेला व्हिडिओ होता. तिकडे रात्र झालेली, आणि जानेवारी म्हणजे त्यांचा ऐन उन्हाळा. हातात रबरी मोजे, कपाळाला बॅटरी बांधलेली, शेजारी झाकणाची बादली, अशा थाटात जावईबापू हिरवळीवर वाकून वाकून काहीतरी वेचत होते. पारिजातकाचा सडा वेचावा तसे. नीट पाहिलं तर ते बेडूक होते. एकेक तळहाताएवढा!

"इंजिनिअर जावई मिळाला म्हणून पेढे वाटले होते हो मी," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

हसण्यावारी गेलेली ही गोष्ट जूनमध्ये पुन्हा निघाली. पहिला पाऊस झाला आणि वहिनींच्या मागच्या अंगणात, मोरीच्या तोंडाशी एक खरबरीत अंगाचा मातकट बेडूक येऊन बसला. तो दर वर्षीच येतो. पण या खेपेला वहिनी मिठाची बरणी घेऊन उभ्या! लेकीनं सांगितलं होतं ना, हे बेडूक विषारी, दिसले की वेचायचे नि मारायचे. मी त्यांचा हात धरला. तो बेडूक वेगळा, हा वेगळा, असं काहीबाही समजावलं खरं. पण बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की आपल्यालाही धड ठाऊक नाही. मग मी या प्रकरणाच्या मागेच लागले. वाचत गेले तसतशी गोष्ट रंगत गेली, आणि मध्येच कुठेतरी जिवाला चटका लावूनही गेली.

उसासाठी बेडूक

गोष्ट सुरू होते उसापासून. कोल्हापूर-सांगलीकडच्या मैत्रिणींना हुमणी म्हणजे काय ते सांगायला नको. पांढरी, वाकडी, मातीत दडून राहणारी ती अळी उसाची मुळं कुरतडते, आणि चांगला हिरवागार ऊस पिवळा पडून कोलमडतो. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, आणि आपले शेतकरी फांद्या हलवून ते गोळा करतात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड प्रांत आहे. तिथल्या उसालाही हुमणीच्याच जातकुळीतली अळी छळत होती. शेतकरी मेटाकुटीला आले होते.

त्याच सुमारास तिथे एक चमत्कार घडून गेला होता. आपल्याकडे कुंपणाला असतो तो फड्या निवडुंग क्वीन्सलँडमध्ये बाहेरून आला आणि त्यानं लाखो एकर जमीन गिळली. १९२६ पासून त्यावर दक्षिण अमेरिकेतल्या एका पतंगाच्या अळ्या सोडल्या, आणि त्यांनी पुढच्या काही वर्षांत निवडुंगाचा फडशा पाडला. एका जिवावर दुसरा जीव सोडायचा, की झालं काम! लोकांचा या उपायावर विश्वास बसला, यात नवल नाही.

१९३२ साली पोर्तो रिको बेटावर ऊस-तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. तिथे राकेल डेक्स्टर या संशोधक बाईंनी एक निबंध मांडला. त्यांनी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका मोठ्या बेडकाची सुमारे तीनशे पोटं चिरून पाहिली होती, आणि त्या पोटांत जे सापडलं त्यातले निम्मे किडे उसाचे वैरी होते. अभ्यास चोख होता. फक्त तो पोर्तो रिकोतला होता. तिथलं उसाचं रान वेगळं, किडे वेगळे, पाऊस वेगळा. ऐकणाऱ्यांनी मात्र एवढंच ऐकलं, की बेडूक आणा, कीड जाईल. दुसरीच्या घरची पाककृती आपल्या चुलीवर तशीच उतरत नाही, हे आपल्याला कळतं. तज्ज्ञांना त्या दिवशी कळलं नाही.

जून १९३५ मध्ये रेजिनाल्ड मंगोमेरी हे कीटकतज्ज्ञ हवाई बेटांवरून १०१ बेडूक घेऊन क्वीन्सलँडातल्या गॉर्डनव्हेल गावी आले. त्यांच्यासाठी खास तळं बांधलं होतं. माद्यांनी लगेच अंडी घातली, आणि ऑगस्टमध्ये सुमारे २,४०० पिलं उसाच्या रानात सोडली गेली.

नको म्हणणारं कुणीच नव्हतं असं नाही. वॉल्टर फ्रॉगॅट नावाचे एक वयोवृद्ध निवृत्त कीटकतज्ज्ञ होते. (नावातच फ्रॉग, म्हणजे बेडूक, आणि बेडकाला विरोध करणारेही तेच!) हा बेडूक सशांसारखा नि निवडुंगासारखाच देशाला पुरून उरेल, असं त्यांनी जीव तोडून सांगितलं. त्यामुळे केंद्र सरकारनं काही महिने बेडूक सोडायला बंदीही घातली. पण ऊसवाल्यांचा जोर मोठा. १९३६ मध्ये बंदी उठली.

आता हुमणीचं काय झालं? काहीच नाही. तिथले भुंगेरे राहतात उसाच्या शेंड्यावर, अळ्या राहतात जमिनीखाली, आणि बेडूक बिचारा जमिनीवर. दोघांची भेटच होईना! शिवाय भुंगेरे निघतात त्या दिवसांत उसात पुरेशी सावली नसते. बेडकानं आपला मोर्चा घराच्या ओसरीकडे, दिव्याखाली, मोरीपाशी वळवला. तिथे किडेही मिळतात नि ओलही असते. हुमणी पुढे कीडनाशकांनी आटोक्यात आली. बेडूक तिथेच राहिले.

असा घोटाळा ऊसवाल्यांनी त्याआधीही केला होता, आणि त्यात आपल्याकडचा एक प्राणी गुंतला होता. १८७२ साली उसातल्या उंदरांवर उतारा म्हणून हिंदुस्थानातली नऊ मुंगसं जमैका बेटावर नेली. त्यांची प्रजा पुढे हवाईतही पोचली. मुंगूस हिंडतं दिवसा, उंदीर निघतात रात्री. मुंगसांनी उंदीर सोडून जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली. गंमत म्हणजे हे सगळं माहीत असलेल्या हवाईतूनच बेडूक पुढे गेले.

दुधासारखं विष

या बेडकाला तिकडे 'केन टोड', म्हणजे उसातला बेडूक म्हणतात. आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो. पण गुळगुळीत अंगाचा, लांब उड्या मारणारा तो बेडूक निराळा, आणि कोरड्या, फोडफोड अंगाचा, टुणटुण चालणारा निराळा. दुसऱ्याला पुस्तकात 'भेक' म्हणतात. मोरीत बसतो तो बहुधा भेकच. केन टोड हा या भेकांमधला राक्षस. जानेवारी २०२३ मध्ये क्वीन्सलँडच्या एका राष्ट्रीय उद्यानात एका महिला वनरक्षकाला जो सापडला, त्याचं वजन २.७ किलो भरलं. आपल्याकडे पुष्कळ बाळं जन्मतात तेव्हा तेवढीच असतात!

त्याच्या कानामागे दोन फुगीर गाठी असतात. कुणी तोंडात धरलं की त्यांतून दुधासारखा चीक येतो. हा चीक थेट हृदयावर घाला घालतो. अंड्यांत विष, पिलांत विष, म्हाताऱ्यात विष. आणि अंडी तरी किती? एक मादी एका वेळी आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी घालते. पाण्यात काळ्या मण्यांच्या लांबच लांब पोती ओवून टाकल्यासारखी ती दिसतात.

उत्तरेच्या किनाऱ्यानं बेडूक पश्चिमेकडे सरकत राहिले. सुरुवातीला वर्षाला दहा-पंधरा किलोमीटर, नंतर पन्नास-साठ. शास्त्रज्ञांनी मोजमाप घेतलं तेव्हा दिसलं, की सगळ्यात पुढे असलेल्या बेडकांचे पाय मागच्यांहून लांब आहेत. भराभर चालणारेच पुढे पोचतात, पुढच्यांचा संसार पुढच्यांशीच होतो, आणि पिलं आणखी लांब पायांची निपजतात. त्याची किंमतही ते मोजतात. आघाडीच्या मोठ्या बेडकांपैकी कितीतरी पाठीच्या मणक्याच्या संधिवातानं आखडलेले सापडले. वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाही कंबरदुखी!"

२००१ मध्ये ते काकाडूच्या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानात शिरले, २००९ मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ओलांडली.

ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं

ऑस्ट्रेलियात बेडकांच्या जाती पुष्कळ, पण भेक एकही नव्हता. लाखो वर्षं नव्हता. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना हे विष ठाऊकच नाही. समोर गुबगुबीत, संथ, पळून न जाणारा घास आला, की ते झडप घालतात. बहुतेकदा तोच त्यांचा शेवटचा घास ठरतो.

क्वोल नावाचा एक गोजिरवाणा प्राणी आहे. मांजरापेक्षा लहान, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, कांगारूसारखी पोटाशी पिलं वाढवणारा. उत्तरेकडच्या क्वोलचे नर बहुतेक एकाच विणीच्या हंगामानंतर थकून मरतात. मागे राहते ती आई, सात-आठ पिलांचं लटांबर सांभाळत. ती एका रात्री एक बेडूक खाते, आणि सगळंच घर बसतं. बेडूक पोचल्यावर काकाडूच्या कितीतरी भागांतून क्वोल दिसेनासे झाले.

तिथल्या मोठ्या, पिवळ्या ठिपक्यांच्या घोरपडी काही ठिकाणी शंभरातल्या नव्वदाहून जास्त मेल्या. व्हिक्टोरिया नदीच्या काही पट्ट्यांत गोड्या पाण्यातल्या मगरी निम्म्याहून अधिक गेल्या. घोरपड गेली की अनेक गोष्टी हलतात. काही पक्ष्यांची घरटी वाचली, कारण अंडी पळवणारी उरली नाही. पण अनेक आदिवासी कुटुंबांत घोरपड हे पूर्वापार अन्न आहे, आणि खणतीची काठी घेऊन ती शोधायला जाणं हे बऱ्याच ठिकाणी बायकांचं काम. आजी नातीला बीळ कसं ओळखायचं ते दाखवते. बीळच रिकामं असलं, तर काय दाखवणार?

"मग आपल्या घोरपडी कशा नाही मरत?" वहिनींनी विचारलं. हाच तर मुद्दा. आपल्या आशिया खंडात भेक पूर्वीपासून आहेत, घोरपडीही आहेत. असंख्य पिढ्या त्यांनी एकत्र काढल्या. आशियातल्या नि आफ्रिकेतल्या घोरपडींच्या शरीरात हृदयापाशी जिथे हे विष चिकटतं, ती जागाच किंचित बदललेली आहे, असं २०१३ साली संशोधकांना आढळलं. विष आलं तरी चिकटायला जागा नाही. ऑस्ट्रेलियात गेलेल्या त्यांच्या बहिणींना मात्र तिकडे भेक भेटला नाही, आणि ते कवच गळून पडलं.

वेचून किती वेचणार?

जावईबापूंच्या बादलीकडे परत वळू. ऑस्ट्रेलियात गावोगाव लोक रात्री बेडूक वेचायला निघतात. वॉटरगम ही संस्था दर जानेवारीत देशभर त्यासाठी एक मोहीमच घेते. पश्चिमेला किंबर्ली भागात 'किंबर्ली टोड बस्टर्स' मंडळींनी बेडकांच्या आघाडीवर जाऊन वर्षानुवर्षं लाखो बेडूक वेचले. आणि तरी बेडूक पुढे गेले! साधा हिशेब आहे. शंभर वेचले, पण एक मादी सुटली, तरी एका रात्रीत भरपाई. म्हणून अंगणातले बेडूक वेचल्यानं त्या अंगणापुरता, त्या कुत्र्यापुरता, त्या तळ्यापुरता फरक पडतो. देशाचे बेडूक त्यानं संपत नाहीत, हे आता तिथले शास्त्रज्ञ स्पष्ट सांगतात. नव्या जागी मूठभर बेडूक ट्रकमधून आले असतील, तर मात्र वेचणं कामाला येतं. सिडनीच्या दक्षिणेला टॅरन पॉइंट इथे २०१० च्या सुमारास असे बेडूक सापडले. लोकांनी नि पालिकेनं चिकाटीनं शोधून शोधून ते निपटून काढले.

वेचलेल्या बेडकाचं करायचं काय, हे ऐकून वहिनींनी कपाळाला हात लावला. पूर्वी लोक क्रिकेटची बॅट घेऊन धावत. ते क्रूर आहे, आणि अंधारात बिचारे देशी बेडूकही चिरडले जातात. आता पुष्कळ घरी बेडूक बंद डब्यात घालून आधी फ्रीजच्या खालच्या भागात ठेवतात. तो गार पडून बधिर झाला, की मग बर्फाच्या कप्प्यात. त्याला कळत नाही, असा संशोधकांचा निर्वाळा आहे.

"फ्रीजमध्ये? इडलीच्या पिठाशेजारी?"

तर लेकीनं त्यासाठी गॅरेजमध्ये जुना लहान फ्रीज ठेवलाय, तेव्हा कुठे वहिनींच्या जिवात जीव आला.

ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत, त्यांनी ही थोडी माहिती जरूर कळवावी. बेडूक उघड्या हातांनी धरू नये. हात डोळ्यांना लावू नये, नंतर साबणानं धुवावेत. मारण्याआधी तो खरंच केन टोड आहे ना, हे खात्री करून घ्यावं, कारण घाईत देशी बेडूक फार मारले जातात. कुत्र्याची पाण्याची वाटी रात्री आत घ्यावी आणि ओसरीचा दिवा मालवावा. दिव्यापाशी किडे येतात, किड्यांपाशी बेडूक. कुत्र्यानं बेडूक तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो, हिरड्या लाल होतात, कधी झटके येतात. अशा वेळी नळी धरून घशात पाणी सोडायचं नाही, विष आत जाईल. ओल्या फडक्यानं हिरड्या, जीभ, टाळू बाहेरच्या दिशेनं पुन्हा पुन्हा पुसायचं, दर वेळी फडकं पिळून घ्यायचं, आणि तडक जनावरांचा डॉक्टर गाठायचा. बागेतल्या तळ्यात काळ्या मण्यांची पोत दिसली तर ती काठीनं ओढून उन्हात वाळवायची. हे शेवटचं काम पन्नास बेडूक वेचण्याहून मोलाचं.

अंड्यांवरून आठवलं. या बेडकाची पिलं, म्हणजे शेपटीवाले पाण्यातले जीव, आपल्याच जातीची ताजी अंडी खातात. तळं एक, तोंडं हजार. नवं भावंड नकोच! अंड्यांच्या विषाचा वास आला की ती तिकडे धावतात. २०१२ मध्ये संशोधकांनी नेमका हाच वास गळाला लावला. मोठ्या बेडकाच्या विषापासून गोळी करून सापळ्यात ठेवली, की केन टोडची पिलं हजारोंनी आत शिरतात, देशी बेडकांची पिलं मात्र फिरकत नाहीत. आता अशा गोळ्या लोकांना घरच्या तळ्यासाठीही मिळतात.

दुधानं तोंड पोळलं की...

मला सगळ्यात भावलं ते पुढचंच. बेडूक संपवता येत नाहीत, तर निदान प्राण्यांना ते न खायला शिकवता येईल का, असा विचार सिडनी विद्यापीठाचे रिक शाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो, हे आपल्या घरात लहान मूलही शिकतं. क्वोलचं तोंड पोळायचं, पण जीव जाऊ द्यायचा नाही, एवढंच जमवायचं होतं.

त्यांनी मेलेल्या लहान बेडकाला जंतावरचं एक औषध लावलं आणि पिंजऱ्यातल्या क्वोलला खायला दिला. त्यानं पोट ढवळतं, मळमळतं, बस्स. असे 'शहाणे' केलेले क्वोल २००९ मध्ये रानात सोडले. ते न शिकवलेल्यांपेक्षा जास्त दिवस जगले. त्यांतल्या काही माद्यांना काकाडूत पिलं झाली, आणि पिलंही बेडकाला तोंड लावत नव्हती. आईनं खाल्लं नाही, म्हणून मुलांनी खाल्लं नाही! पुढे बेडकाच्या मांसाच्या लहान सुरळ्या करून त्यांत औषध घालून त्या रानात टाकायलाही सुरुवात झाली.

घोरपडीसाठी जॉर्जिया वॉर्ड-फिअर या तरुण संशोधिकेनं वेगळीच युक्ती केली, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती वेडेपणाची वाटली. बेडकांची लाट पोचायच्या आधीच तिथे लहान बेडूक नेऊन सोडायचे! आघाडीला चालून येतात ते मोठे, भरल्या विषाचे बेडूक. पहिलाच घास जिवावर बेततो. पिलाच्या अंगात विष थोडं. घोरपड ते खाते, दिवसभर आजारी पडते, आणि पुन्हा बेडकाकडे पाहत नाही. किंबर्लीतल्या बालांगारा आदिवासी वनरक्षकांच्या मदतीनं हा प्रयोग झाला, आणि शिकलेल्या घोरपडी मोठे बेडूक आल्यावरही जगल्या. नंतर सुमारे २ लाख अंडी-पिलं वेगवेगळ्या ठिकाणी सोडून तो मोठ्या प्रमाणावर केला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जिथे ही 'शिकवणी' झाली तिथे घोरपडी टिकल्या, जिथे नाही तिथे जवळजवळ नाहीशा झाल्या. मगरींसाठीही बुनुबा वनरक्षकांनी विषाचा भाग काढलेले, मळमळ आणणारा क्षार टोचलेले मेलेले बेडूक पाण्याकाठी टांगले. तिथेही मरण्याचं प्रमाण फार कमी झालं.

शिकवण टिकवायची तर आईपासून लेकरापर्यंत ती जावी लागते, आणि उलट दिशेनंही ती पुसली जाते. याचं उदाहरण फार वाईट आहे. २००३ मध्ये ६४ क्वोल उत्तरेच्या दोन निर्मनुष्य बेटांवर नेऊन ठेवले होते, बेडकांपासून दूर. तिथे ना बेडूक, ना रानकुत्रा. त्यांची संख्या भराभर हजारांत गेली, सगळे खूश. पुढे २०१६ मध्ये त्यांतले ४५ परत काकाडूत आणले. बेडकाला तोंड लावायचं नाही, हे त्यांना शिकवून ठेवलं होतं. पण तेरा पिढ्या बेटावर सुखात राहिलेल्यांना डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, घाबरायचा प्राणी असतो हेच विसरायला झालं होतं. डिंगोंनी त्यांना मारून खाल्लं.

काही जणांना कुणी शिकवलं नाही, त्यांचं तेच शिकले. कावळे बेडूक उलटा करून पोटाकडून खातात, पाठीच्या विषाला चोच लावत नाहीत. पाणउंदराच्या जातीचा राकाली नावाचा प्राणी तर एखाद्या सुगरणीच्या सफाईनं बेडकाचं काळीज नि यकृत तेवढं काढून घेतो आणि बाकी टाकून देतो.

आता बेडकांची आघाडी किंबर्लीतून खाली पिलबाराकडे जायला बघते आहे. मधला पट्टा रखरखीत आहे. कोरड्या दिवसांत तिथे पाणी असतं ते फक्त गुरांच्या हौदांत आणि त्यांच्या गळक्या नळांपाशी. बेडकाची कातडी ओलीशिवाय दोन-चार दिवस तग धरत नाही. तेव्हा हे हौद नि नळ बेडकाला पोचता येणार नाही असे बंदिस्त करायचे आणि पाणी-तुटीचा रुंद पट्टा तयार करायचा, अशी योजना आहे. कराजारी आणि न्यांगुमार्ता या तिथल्या मूळच्या रहिवाशांचा त्यात हात आहे. नव्वद वर्षं बंदुका, बॅटी, बादल्या झाल्या; आता गळका नळ दुरुस्त करणं हा उपाय ठरतो आहे.

आपल्या अंगणात

वहिनींच्या मोरीतला बेडूक या देशाचा आहे. त्यालाही कानामागे गाठी आहेत, थोडं विषही आहे, कुत्र्यानं धरला तर फेस येईल. पण त्याला खाणारे इथे आहेत, आणि तो ज्यांना खातो ते किडे आपल्यालाही नकोच असतात. त्याच्यावर मीठ टाकलं की त्याची कातडी भाजून निघते, तडफडून मरतो. नको असेल तर सुपलीत घेऊन बाहेर ठेवावा, एवढंच.

तोच गाव सोडून गेला की मात्र काय होतं पाहा. आशियातला हाच भेक आग्नेय आशियाकडून मादागास्कर बेटावर पोचला. बंदरात येणाऱ्या मालाबरोबर गेला असावा. तोआमासिना शहराजवळ तो आहे हे २०१४ मध्ये उघड झालं. मादागास्करमध्येही आधी एकही भेक नव्हता, आणि तिथले बहुतेक साप-सरडे या विषापुढे ऑस्ट्रेलियातल्यांइतकेच अडाणी आहेत. आणि आपला तो मोठा, पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा बेडूक? तो माशांच्या बीजाबरोबर मुख्य भूमीवरून अंदमानात गेला. तिथे तो देशी बेडूक-सरडे गट्ट करतो, आणि कोंबडीची पिलं खातो म्हणून तिथल्या गृहिणी त्रासल्या आहेत.

पुण्या-मुंबईत मुलांच्या हट्टापायी दुकानातून इवलासा हिरवा कासव आणला जातो, कानाशी लाल पट्टी असलेला. तो अमेरिकेतला. वाढत वाढत तो ताटाएवढा होतो, पाणी घाण करतो, चावतो. मग कुणीतरी पुण्याचं काम म्हणून त्याला तळ्यात 'मुक्त' करून येतं. असा कासव घरात असेल तर तो तळ्यात सोडू नका. प्राणिमित्र संस्थेला किंवा वनखात्याला विचारा, आणि नवा आणूच नका. टाकीतले मासे नदीत सोडणंही तसंच.

गणपतीच्या दिवसांत वहिनींच्या तुळशीपाशी दिवा लावला, की खाली तो बेडूक बसलेला असायचा. दिव्याशी येणारे किडे एकेक करून टिपायचा. वहिनींनी त्याचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिकडून घाबरून निरोप आला, "आई, हातमोजे घाल आणि उचलून टाक आधी!"

वहिनींनी उत्तर लिहिलं, "अगं, हा आपल्या माहेरचाच आहे. बसू दे."